गलोलीचे रबर आणि दहा फुटांची मोटार

वैजापूरहून रोटेगाव स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या नात्यातल्या एकाचे वेल्डिंगचे दुकान आहे. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कांदाचाळीचे अँगल, दुरुस्तीला आलेले पेरणीयंत्र. मागे पत्र्याची शेड. गेल्या दिवाळीत मला त्या शेडमध्ये मुद्दाम बोलावून नेण्यात आले. बोलावणारा माझ्या चुलत भावाचा नातू. वय वर्षे वीस, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला तो अण्णाआजोबा म्हणतो आणि एरवी लांबूनच हात जोडतो. त्या दिवशी वाकून नमस्कार केला, तेव्हाच ओळखले की प्रकरण पैशांचे आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातलग कधी निवृत्त होऊ देत नाहीत.

शेडमध्ये एक जुनी जीप उभी होती, भंगाराच्या भावात घेतलेली. अपघातात गेलेल्या एका मोटारीचे इंजिन तिच्यात बसवायचे त्याने ठरवले होते. मूळ इंजिनाच्या दुपटीहून अधिक ताकदीचे. इथवर मी ऐकून घेतले. पण मागचे पाटे त्याने काढून टाकले होते. त्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या स्प्रिंगा आल्या होत्या आणि अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायला चार दांड्या. त्या दांड्या पाण्याच्या जी.आय. पाइपाच्या होत्या. वेल्डिंग स्वतःच्या हातचे. आता फक्त पंचवीस हजार कमी पडत होते.

मी इंजिनिअर नाही. पण गाडीचा मागचा अ‍ॅक्सल जागा सोडतो म्हणजे काय होते, हे मी पाहिले आहे. पाहिले म्हणण्यापेक्षा, मी त्या गाडीत बसलेला होतो. १९८७ सालची गोष्ट. वाहनकर्जाच्या तपासणीसाठी तालुक्यात हिंडत होतो. एका कर्जदाराने टेम्पोची मागची बाजू गावातच वाढवून घेतली होती, पाटे वर चढवले होते. मी कागद पाहिले, इंजिन नंबर पडताळला, आणि वाहन सुस्थितीत असल्याचा शेरा मारून सही केली. खाली वाकून पाहिले नाही. परतताना त्याच टेम्पोत बसलो. उतारावर मागून बंदुकीसारखा आवाज झाला. पाटा अ‍ॅक्सलला धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता. अ‍ॅक्सलची एक बाजू मागे सरकली आणि गाडी आपल्या मनाने वळून कपाशीच्या रानात शिरली. मला खरचटले. मागे पोत्यांवर बसलेल्या पोराचा पाय गुडघ्याखाली गेला. माझा शेरा फाइलमध्ये तसाच राहिला. त्यावर कुणी मला काही विचारले नाही, आणि तेच मला अजून टोचते.

तेव्हा पाइपाच्या त्या चार दांड्या पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण वीस वर्षांच्या मुलाला नको म्हणणे म्हणजे त्याला दुसऱ्याकडून पैसे घ्यायला लावणे. मी त्याला ओट्यावर बसवले आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. पूर्वी एका कादंबरीसाठी मोटारी बनवणाऱ्यांची चरित्रे वाचत होतो. ती कादंबरी कधी पुरी झाली नाही, पण हा माणूस डोक्यात राहून गेला. नाव अ‍ॅलेक इसिगोनिस. नावाने कुणी ओळखणार नाही. पण टीव्हीवर मिस्टर बीनची चिमुकली गाडी बहुतेक घरांनी पाहिलेली आहे. ती मिनी. ती गाडी या माणसाची.

इसिगोनिसचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मिर्ना गावचा. आज तुर्कस्तानात त्या शहराला इझमिर म्हणतात. वडील वंशाने ग्रीक, नागरिकत्वाने ब्रिटिश; आई हुल्डा जर्मन घराण्यातली. वडिलांचा जहाजांची यंत्रे बनवण्या-दुरुस्तीचा कारखाना होता. पोराचे बालपण वाफेच्या इंजिनांच्या आणि ओतकामाच्या वासात गेले. पहिल्या महायुद्धात कारखाना परक्यांच्या ताब्यात गेला. युद्ध संपले, पण स्मिर्नाचे ग्रहण सुटले नाही. १९२२ च्या सप्टेंबरात तुर्की फौजा शहरात आल्या, पाठोपाठ आग लागली आणि अर्धेअधिक शहर जळाले. ब्रिटिश नागरिकांना आरमाराच्या जहाजांनी माल्टा बेटावर नेले. घर, कारखाना, सगळे मागे राहिले. वडील आजारी होते, ते तिकडेच गेले. १९२३ मध्ये सोळा वर्षांचा मुलगा आणि आई लंडनमध्ये उतरले.

आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात गावे सोडून गेलेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. सगळे गेलेल्या घरात एक तर पोर लवकर हाताला येते किंवा आई त्याला जन्मभर पदराखाली धरते. इथे दोन्ही झाले. हुल्डाबाई पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लेकाबरोबर राहिल्या. त्याने लग्न केले नाही.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्याने यंत्रशास्त्राची पदविका घेतली, पण गणितात तीनदा नापास झाला. पुढे मोठा झाल्यावरही तो गणिताबद्दल बरे बोलत नसे. (माझ्या समोरचा विद्यार्थी या ठिकाणी फार खूश झाला. त्याला मी लगेच सांगितले की बाबा, गणित येत नव्हते म्हणून तो प्रत्येक गोष्ट बनवून, मोडून, पुन्हा बनवून पाही. तेवढा वेळ तुझ्याकडे असेल तर तूही नापास हो.) हात मात्र चित्रकाराचा. कागदाच्या चिटोऱ्यावर, हॉटेलातल्या रुमालावर, मिळेल तिथे तो गाडी काढी. पेन्सिलीच्या त्या रेघांवरून कारागीर लोखंड कापू शकत. शिक्षण संपल्यावर आईला सिंगर गाडीत बसवून तो युरोपभर हिंडून आला. वाटेत गाडीने काय काय त्रास दिला असेल तो दिला असेल; गाडी कुठे आणि का मोडते याचे पहिले शिक्षण बहुधा तिथेच झाले.

नंतर नोकऱ्या. १९३४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या हंबर कंपनीत, १९३६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या मॉरिस कारखान्यात. काम एकच, सस्पेन्शन. म्हणजे चाके आणि गाडीचे धड यांच्यामधले नाते. हा विभाग तेव्हा काही मानाचा नव्हता. इंजिनवाल्यांना मान असे, बॉडीवाल्यांना कौतुक. खाली अंधारात, चिखलात, पाटे आणि बुश यांच्यात काय चालते ते कोण बघतो? मीही १९८७ साली बघितले नव्हते.

आता मुद्द्याकडे येतो. त्या काळी इंग्लंडमध्ये गरिबाची मोटार म्हणजे ऑस्टिन सेव्हन. साडेसातशे सी.सी.ची, हलकी, स्वस्त, आणि म्हणून तरुण पोरांच्या हातात सापडलेली. शर्यतीचे वेड असलेली मुले तिचे इंजिन उघडून त्यात दाबाने हवा भरणारा पंखा बसवत आणि मूळ ताकदीच्या कितीतरी पट ताकद काढत. इसिगोनिसकडेही अशी एक ऑस्टिन होती. पण ताकद वाढली की खालचे सगळे उघडे पडते. त्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल अर्ध्या पाट्यांवर टांगलेला असे. वळणावर गाडी एका अंगाला कलली की एक पाटा दबे, दुसरा उघडे आणि अख्खा अ‍ॅक्सल किंचित तिरका होई. म्हणजे चालकाने स्टिअरिंग फिरवले नसताना गाडीची मागची बाजू स्वतःहून वळायला बघे. दहा-बारा अश्वशक्तीत हे चालून जाते. तीच गाडी चौपट-पाचपट ताकदीने वळणावर घातली, तर चालकाचा देव रुसायला वेळ लागत नाही.

दुसरीही एक गोष्ट होते, ती जीपलाही लागू आहे. इंजिन चाकाला पुढे फिरवते, तेव्हा अ‍ॅक्सलचे घर उलट्या दिशेने फिरायला बघते. पाट्यांना तो पीळ सोसावा लागतो. इंजिन मोठे झाले की पाटा सरळ न राहता सापासारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. मागची चाके रस्त्यावर टाळ्या वाजवल्यासारखी आपटत राहतात. म्हणून मोठ्या ताकदीच्या गाडीत नुसती मऊ किंवा नुसती कडक स्प्रिंग पुरत नाही. स्प्रिंगने वजन झेलायचे. अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकू न देणे, पिळू न देणे, आडवे जाऊ न देणे, ही कामे वेगळ्या दांड्यांची. धक्के एकदाच मोजायचे नसतात. दांडीला लाखो वेळा ओढ-रेटा बसतो, आणि वेल्डिंगच्या कडेला, जिथे लोखंड तापून कडक झालेले असते, तिथे केसाएवढी चीर पडते. ती चीर रोज थोडी वाढते. एक दिवस उतार येतो.

इसिगोनिसने काय केले? जॉर्ज डाउसन नावाचा मित्र गाठला आणि १९३३-३४ च्या सुमारास दोघांनी स्वतःची गाडी बांधायला घेतली. तिला पुढे लाइटवेट स्पेशल म्हणू लागले. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, हाताच्या अवजारांनी. विजेवर चालणारी यंत्रे नव्हती. चॅसीच नाही, प्लायवुडला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून त्याच्या पेटीसारखे धड केले, आणि इंजिन, आसन, तळ, प्रत्येक भाग त्या पेटीला ताठ ठेवायला कामाला लावला. चारही चाके स्वतंत्र. पुढे दाबली जाणारी रबराची चकत्या-वलये, आणि मागे? मागच्या चाकांना पोरांच्या गलोलीला असते तसे ताणलेल्या रबराचे वेढे. पोलादी स्प्रिंग नाहीच. गाडी अतिशय हलकी.

मुलाचे डोळे इथे चमकले. गलोलीचे रबर चालते, मग पाइप का नाही? प्रश्न वाजवी होता. फरक असा, की रबराकडे त्यांनी फक्त वजन झेलायचे काम दिले होते. चाक कुठे राहील हे रबर ठरवत नव्हते. ते ठरवणारे हात आणि सांधे त्यांनी पुन्हा पुन्हा कातून बसवले. रबर तुटले असते तर गाडी खाली बसली असती, चाक गाडी सोडून गेले नसते. आणि या सगळ्याला किती दिवस लागले? गाडी पुरी झाली १९३८ मध्ये. जवळजवळ पाच वर्षे! तोवर त्यांनी कितीतरी भाग करून फेकून दिले. मग ती चढाच्या शर्यतींत धावली, युद्धानंतरही धावली, आणि आजही ती जपून ठेवलेली आहे. मागच्या चाकासकट.

घरात केलेला हा उद्योग पुढे कारखान्यात कामी आला. युद्ध चालू असतानाच मॉरिसमध्ये एका छोट्या मोटारीचे काम गुपचूप सुरू झाले. १९४८ च्या ऑक्टोबरात ती मॉरिस मायनर म्हणून लोकांपुढे आली. तिची एक हकीकत मला फार आवडते. सगळे साचे तयार होत आले, आणि गाडी त्याच्या डोळ्यांना अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन अर्ध्या बाजू हळूहळू लांब सरकवल्या आणि चार इंचांवर हात वर केला. त्या चार इंचांची पट्टी पुढे कित्येक वर्षे बॉनेटच्या मधोमध दिसत राहिली. हे सौंदर्यासाठी केले असे सांगतात. पण गाडी रुंद झाली की वळणावर कमी कलते, हे त्याला ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. मालक लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ती पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसली. तिचा खप दहा लाखांवर गेला. असा खप झालेली ती पहिली ब्रिटिश मोटार.

हीच मायनर आपल्याकडे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने बेबी हिंदुस्तान म्हणून बनवली. आणि आपली अ‍ॅम्बेसेडर त्याच मॉरिस घराण्यातल्या ऑक्सफर्ड गाडीवरून आली. १९५७ पासून २०१४ पर्यंत ती निघत राहिली. तिच्या पुढच्या चाकांना पिळाच्या दांड्या आणि मागे साधे पाटे, मायनरचीच घडण. आमच्या लहानपणी वैजापुरात लग्नाची अ‍ॅम्बेसेडर यायची, तेव्हा मागच्या सीटवर सहा जण आणि मांडीवर चार पोरे बसत. मागची बाजू खाली टेके, नवरदेवाची बाजू आकाशाकडे. पाटे कुरकुरत, पण नेऊन पोचवत.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एक झाल्या आणि इसिगोनिस अल्विस कंपनीत गेला. तिथली त्याची मोठी गाडी पैशाअभावी रद्द झाली. मात्र तिथल्या दिवसांत अ‍ॅलेक्स मोल्टन याच्याशी त्याची मैत्री जमली होती. मोल्टनचे घराणे रबराच्या धंद्यातले. रबर दाबले की पहिल्यांदा मऊ लागते आणि जितके दाबावे तितके कडक होत जाते, हा त्याचा गुण गाडीला कसा वापरावा, यावर दोघांची डोकी एकत्र आली.

इसिगोनिस परत आला आणि १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा तंटा पेटला. इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले. तीन चाकांच्या बुडबुड्यासारख्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी १९५७ च्या मार्चमध्ये त्याला सांगितले, की खरी चार माणसांची छोटी मोटार कर. अट एकच, इंजिन आपल्याकडचेच वापरायचे. त्याने गाडीची लांबी जेमतेम दहा फूट ठरवली आणि त्यातला आठ हिस्सा जागा माणसांना आणि सामानाला द्यायचे ठरवले. इंजिन आडवे टाकले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात, ऑइलच्या टाकीतच बसवली, आणि चाके फक्त दहा इंची.

आता मागच्या चाकांचा प्रश्न पाहा. गाडीचे वजन सहाशे किलोच्या आसपास. चार माणसे आणि सामान म्हणजे तीनशे किलो. म्हणजे रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत दीडपटीचा फरक, आणि तो बराचसा मागच्या चाकांवर. रिकाम्या गाडीला जमेल अशी मऊ स्प्रिंग लावली तर भरल्यावर ती बुडाला टेकणार. भरलेल्याला जमेल अशी कडक लावली तर रिकामी गाडी उड्या मारणार. आपल्या काळीपिवळीत चौदा माणसे बसलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगायला नको. मोल्टनच्या रबरी शंकूंनी हा तिढा सोडवला; ओझे वाढेल तसे ते आपोआप कडक होत. मागे प्रत्येक चाकाला एक हात, आणि रबराचा शंकू तळाखाली आडवा झोपवलेला, म्हणजे आतली जागा खाल्ली जाऊ नये.

कागदावर सगळे झकास. पण खडबडीत रस्त्यांवर नमुने पळवले, तेव्हा बॉडीचा पत्रा तडकू लागला. सस्पेन्शन थेट पत्र्याला लावले होते. इतका मार तो सोसेना. मग पुढे आणि मागे वेगळ्या पोलादी चौकटी केल्या, चाकांचे हात त्या चौकटीला बांधले आणि चौकट बॉडीला. मार एका ठिकाणी न बसता पसरला गेला. मग ब्रेक. पुढचे वजन जास्त, मागचे कमी. जोराने ब्रेक दाबला की मागची चाके जाम होऊन गाडी फिरू लागली. मग बॅटरी उचलून मागे डिकीत नेली आणि मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप बसवली. पहिल्या नमुन्यात ९४८ सी.सी.चे इंजिन होते. गाडी ताशी दीडशे किलोमीटरच्या जवळ जाऊ लागली. घरगुती गाडीला हा वेग फार, असे ठरले आणि इंजिन ८४८ सी.सी.वर आणले. ताकद कमी केली! मी हे वाक्य त्या मुलाला दोनदा सांगितले.

२६ ऑगस्ट १९५९ ला मिनी बाजारात आली, ३४ अश्वशक्तीची, पाचशे पौंडांच्या आत. आणि पहिल्याच पावसाळी दिवसांत लोकांचे बूट भिजले. तळाच्या पत्र्याचा जोड अशा बाजूने चढवला होता की रस्त्यावरचे पाणी आत शिरे. त्या वर्षीचा उन्हाळा कोरडा गेल्यामुळे चाचणीत ते ध्यानात आले नव्हते. थोर माणसेही खाली वाकून बघायची राहतात. माझ्या मनाला हे वाचून जो हलकेपणा आला, तो योग्य नव्हता, पण आला.

बँकवाला म्हणून एक खंत नोंदवतो. फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, भागांची किंमत लावली आणि प्रत्येक गाडीमागे कंपनी तीस पौंड तोट्यात असावी असा हिशेब काढला, असे सांगतात. इसिगोनिसला अशा हिशेबांत रस नव्हता. ग्राहकांना काय हवे ते विचारण्यातही नव्हता. आपल्याला हवी ती गाडी लोकांना हवी असते, असे तो धरून चाले. मिनीच्या बाबतीत ते जमले. पुढच्या गाड्यांच्या बाबतीत तेवढे जमले नाही. त्याच्या हाताखाली काम करणे सोपे नसावे.

गरिबाच्या मोटारीचा हा नाद आपल्या महाराष्ट्रातही होता. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी मीरा नावाची छोटी मोटार स्वतःच्या जिद्दीवर बनवली. पहिला नमुना १९४९ चा, म्हणजे मिनीच्या दहा वर्षे आधीचा. पुढे वर्षानुवर्षे ते ती सुधारत राहिले. धक्के झेलायला त्यांनीही रबरच वापरले होते. मीरा रस्त्यावर धावली, पण विक्रीसाठी कारखान्यातून कधी निघाली नाही. त्या गाडीवर मुळातून लिहायला हवे. एखाद्या तरुणाने मनावर घ्यावे.

मिनीला मोठी ताकद दिली ती शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरने. इसिगोनिसला ते फारसे रुचले नव्हते. त्याच्या मनात ही घरच्या माणसांची गाडी. तरी १९६१ मध्ये मिनी कूपर आली. ३४ ची ५५ अश्वशक्ती झाली, पण त्याच वेळी पुढे डिस्क ब्रेक आले. इंजिन वाढवले आणि बाकीचे तसेच ठेवले असे केले नाही. मग १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वर्षे या चिमुकलीने मॉन्टे कार्लोच्या बर्फातली रॅली जिंकली. १९६६ मध्येही पहिले तिन्ही क्रमांक तिचेच होते, पण पुढच्या दिव्यांच्या नियमावरून बाद ठरवले. मोठमोठ्या गाड्या वळणावर ढिल्या पडत आणि ही चारही पंजे जमिनीत रुतवून निघून जाई.

१९६९ मध्ये तो सर झाला. पण त्याआधीच, १९६८ मध्ये, कंपनी लेलँडमध्ये मिसळली होती आणि नव्या साहेबांनी त्याला बाजूला बसवले होते. मिनीहून लहान आणि हलकी अशी नवी मोटार त्याने तयार केली होती, ती कधी निघालीच नाही. १९७१ ला तो निवृत्त झाला. १९७२ ला आई गेली. त्यानंतर तो घरात बसून रेखाटने करी, खेळण्यातल्या वाफेच्या आगगाड्यांत रमे, कंपनीला सल्ला देत राही. २ ऑक्टोबर १९८८ ला बर्मिंगहॅममध्ये तो वारला. मिनी त्याच्यामागे बारा वर्षे निघत राहिली. २००० सालच्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली, तोवर आकडा ५३ लाखांवर गेला होता.

एवढे सांगून झाले तेव्हा शेडबाहेर अंधार पडला होता. नातवाने पैशांचे विचारले. आम्ही बँकेत घरबांधणीचे कर्ज टप्प्याटप्प्याने देत असू. पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की दुसरा. तेच मी इथे लावले. पहिला हप्ता पाच हजारांचा, आणि तो मिळणार पाइपाच्या चारही दांड्या कापून माझ्या समोर भंगारात टाकल्यावर. मूळ पाटे परत बसवायचे. तयार कारखान्यातल्या, रबरी बुश असलेल्या दांड्या आणायच्या आणि त्या चॅसीला जाड पट्टी घालून बोल्टने बांधायच्या. पाट्याच्या पोलादाला वेल्डिंगची काडी लावायची नाही. तापले की त्याचा ताव उतरतो. चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ब्रेकची नळी ताणली जाते का, इंजिनाकडून येणारा शाफ्ट सुटतो का, हे जॅकवर तपासायचे. कॉलेजच्या सरांची नजर घालून घ्यायची. सार्वजनिक रस्त्यावर तर ती न्यायचीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतल्या मूळ रचनेत असे मनाचे बदल करता येत नाहीत. शेतात आणि कॉलेजच्या मैदानात काय पळवायची ती पळवावी.

त्याचे तोंड उतरले. दोन आठवडे नमस्कार पुन्हा लांबूनच. मग एका सकाळी फोन आला, दांड्या कापायच्या आहेत, या. गेलो. कटर त्यानेच चालवला. तिसऱ्या दांडीला कापण्याआधी त्याने मला वाकायला लावले आणि बॅटरीचा उजेड टाकला. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर होती. जीप अजून शेडबाहेरही गेली नव्हती. फक्त ढकलून आत-बाहेर केली होती. तो काही बोलला नाही, मीही नाही. पाच हजार मोजून दिले.

परवा पुन्हा गेलो होतो. पाटे परत जागेवर आहेत, नव्या दांड्या आल्या आहेत, मोठे इंजिन अजून कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेले आहे. जीपच्या मागच्या भागात तो मक्याची पोती एकेक करून ठेवत होता आणि दर पोत्यानंतर चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून भिंतीवर खडूने रेघ मारत होता. चार रेघा झाल्या होत्या. गुडघे दुखत असतानाही मी खाली वाकून, अ‍ॅक्सल, बुश, बोल्ट, सगळे पाहिले. पाचवे पोते आणायला तो आत गेला.